सांगशाकची टेकडी आणि पन्नासावी ब्रिगेड

विमानाचा आवाज आला की टेकडीवरचे जवान खंदकातून मान वर काढून बघायचे. डकोटाच्या दारातून पेट्या सुटायच्या, छत्र्या फुलायच्या आणि वाऱ्याबरोबर तिरक्या होत उताराकडे सरकू लागायच्या. टेकडी एवढीशी, त्यामुळे छत्री जरा वाऱ्याला लागली की पेटी जपान्यांच्या हद्दीत जाऊन पडायची. पाणी, काडतुसं, तोफेचे गोळे, औषधं, सगळं डोळ्यांदेखत शत्रूच्या पदरात पडत होतं. हा मार्च १९४४ चा शेवटचा आठवडा. जागा मणिपूरच्या पूर्वेकडच्या डोंगरातली, सांगशाक नावाचं तांगखुल नागांचं गाव. आणि खाली बसून हे बघणारे बरेचसे जवान स्वतःच छत्रीसैनिक होते. छत्री कधी उघडते, वारा तिला कुठे ओढतो, हे हिंदुस्थानातल्या फौजेत त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोहिमाची लढाई पुष्कळांनी वाचलेली असते. तिथल्या स्मारकावरच्या ओळी शाळेतल्या भाषणांतूनसुद्धा ऐकू येतात. कोहिमाच्या आधी जपान्यांना कोणी अडवून धरलं, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. त्याचं उत्तर सांगशाकच्या टेकडीवर आहे. तिथे पन्नासावी इंडियन पॅराशूट ब्रिगेड लढली, आणि त्या ब्रिगेडबरोबर लढलेल्या तीन पायदळ पलटणींपैकी एक मराठ्यांची होती. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही लढाई महाराष्ट्राला माहीत असायला हवी होती.

ब्रिगेड म्हणजे साधारण तीन पलटणी आणि त्यांच्या जोडीला थोडा तोफखाना, सॅपर्स, सिग्नलवाले, इस्पितळाची तुकडी, खेचरं. पन्नासावी ब्रिगेड १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत उभी राहिली. तिच्यात तीन पलटणी होत्या: १५१ वी ब्रिटिश, १५२ वी इंडियन आणि १५३ वी गुरखा. त्या काळी हिंदुस्थानी पायदळाची भरती जातवार आणि प्रांतवार होई. १५२ वी त्याला अपवाद होती. वेगवेगळ्या रेजिमेंटांतून स्वखुशीने नाव दिलेले जवान एकत्र करून ती बांधली होती. उडी मारायची तर हुकमाने मारता येत नाही, ती स्वतःहून मागून घ्यावी लागते, हा छत्रीसैनिकांचा नियम तेव्हापासूनचा.

प्रशिक्षण दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर सुरू झालं, म्हणजे आजच्या सफदरजंगला. सुरुवातीला ना पुरेशा छत्र्या होत्या, ना विमानं. विमान म्हणून मिळालं ते व्हिकर्स व्हॅलेन्शिया, दोन मजली पंखांचं, तेव्हाच जुनाट झालेलं. ऑक्टोबर १९४१ मधल्या पहिल्या उड्यांमध्ये दोन हिंदी नावं आहेत: १५२ व्या पलटणीचे डॉक्टर लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. विमानातून छत्रीने उतरलेले हे पहिले भारतीय सैनिक. यातल्या रंगराज यांनी पुढे कोरियाच्या युद्धात साठाव्या पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सचं नेतृत्व केलं. मार्च १९५१ मध्ये मुनसान-नी इथे ते अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर उतरले आणि महावीरचक्राचे मानकरी झाले.

पहिली दोन-अडीच वर्षं ब्रिगेडच्या वाट्याला किरकोळ कामं आली. १९४२ मध्ये सिंधमधल्या हुरांच्या बंडाच्या वेळी एक कंपनी वाळवंटात उतरवली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅप्टन जिमी रॉबर्ट्स अकरा-बारा जणांना घेऊन उत्तर ब्रह्मदेशात टेहळणीसाठी उतरले आणि नंतर पायपीट करत फोर्ट हर्ट्झला पोचले. ब्रिटिश पलटण मध्यपूर्वेला गेली. तिला १५६ हा नवा क्रमांक मिळाला आणि पुढे ती आर्नेमला लढली. तिच्या जागी दुसरी गुरखा पलटण, १५४ वी, तयार होऊ लागली. एवढं कष्टाने शिकवलेल्या या माणसांना खरी उडी मारायला मिळेल असा दिवस काही उगवत नव्हता.

मार्च १९४४ च्या सुरुवातीला ब्रिगेड कोहिमा-इंफाळ भागात आली तीसुद्धा जंगलातल्या लढाईचा सराव करायला. १५४ वी मागेच राहिली होती. ब्रिगेडियर होते एम. आर. जे. होप-थॉमसन. त्यांना उखरुलच्या आसपासचा मुलूख सांभाळायला दिला. तिथे आधी असलेली ४९ वी ब्रिगेड घाईने दक्षिणेकडे, टिड्डिमच्या रस्त्यावर हलवली गेली होती, कारण जपान्यांचा जोर तिकडे दिसत होता. इकडच्या डोंगरातून मोठी फौज येऊ शकेल असं वरिष्ठांना वाटत नव्हतं. ४९ व्या ब्रिगेडची एक पलटण तेवढी मागे राहिली होती, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल जॅक ट्रिम. नवी ब्रिगेड आली तशी ही पलटण तिच्या हाताखाली दिली गेली. मराठे पन्नासाव्या ब्रिगेडमध्ये आले ते असे, योगायोगाने, छत्रीशी काही संबंध नसताना.

तिकडे पंधरा-सोळा मार्चच्या रात्री जपानी फौजांनी चिंदविन ओलांडली. जनरल मुतागुचींची पंधरावी आर्मी इंफाळ आणि कोहिमावर निघाली होती. कोहिमा घ्यायची कामगिरी जनरल सातो यांच्या ३१ व्या डिव्हिजनकडे होती. तिच्या डाव्या बगलेला मेजर जनरल मियाझाकी ५८ वी रेजिमेंट घेऊन उखरुलच्या वाटेने येत होते. एका डिव्हिजनचा मोठा भाग डोंगरातून चालत येत होता आणि त्याच्या वाटेत सरावाला आलेली एक अपुरी ब्रिगेड बसली होती.

पहिला घाव बसला तो १५२ व्या पलटणीच्या सी कंपनीवर. ही कंपनी पुढे, ७३७८ फुटांच्या एका टेकडीवर होती. मेजर जॉन फुलर यांच्या हाताखाली सुमारे १७० माणसं होती. १९ मार्चला जपान्यांची एक अख्खी बटालियन तिच्यावर चालून आली. दिवसभर आणि रात्रभर हल्ले होत राहिले. फुलर पडले. त्यांच्या मदतीला जाऊ बघणाऱ्या तुकड्या वाटेतच अडल्या. २० तारखेच्या सकाळी गोळ्या संपत आल्या तेव्हा उरलेल्यांनी वाट फोडायचा प्रयत्न केला. जेमतेम वीसेक जण परतले. शेवटी टेकडीच्या माथ्यावर एक अधिकारी सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला आणि त्याने पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावलं, असं जपानी बाजूने लिहून ठेवलेलं आहे. जिंकणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या इतिहासात आवर्जून नोंदवावी, यावरून त्या टेकडीवर काय झालं असेल ते कळतं.

होप-थॉमसन यांनी विखुरलेल्या तुकड्या मागे ओढल्या आणि २१-२२ मार्चला ब्रिगेड सांगशाकच्या टेकडीवर गोळा केली. मराठे डोंगरातून चालत येऊन तिथे मिळाले.

जागा कशी होती ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. गाव उंच डोंगरसोंडेवर वसलेलं. बचावाची हद्द फार तर ८०० यार्ड लांब आणि त्याच्या निम्मी रुंद. वायव्येच्या टोकाला अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचं छोटं चर्च. चर्चची जागा थोडी उंच, आणि तिच्या पलीकडचा उतार असा की शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दिसत नसे. खंदक खणायला घेतले की दोन-तीन फुटांवर फावडं खडकावर आपटायचं. त्यामुळे उभं राहून लढण्याइतके खोल खंदक झालेच नाहीत. जवान पालथे पडून, गुडघ्यावर बसून लढले. काटेरी तार नव्हती. ती मागितली होती, मिळाली नाही. पाणी इतकं कमी की पहिल्या दिवसापासून मोजून द्यावं लागलं. आणि एवढ्या जागेत सगळं मिळून जेमतेम दोन हजार माणसं, शिवाय खेचरं: १५२ वी आणि १५३ वी पलटण, मराठ्यांची चौथी, खेचरांवरून आणलेल्या डोंगरी तोफांची बॅटरी, पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स आणि बॉम्बे सॅपर्सची ४११ वी पॅराशूट सेक्शन. खडकीच्या छावणीत घडलेली ही सॅपर मंडळी त्या खडकाशी झुंजत होती.

२२ मार्चच्या संध्याकाळी पहिला मोठा हल्ला झाला. मियाझाकींनी तोफा येईपर्यंतही वाट बघितली नाही. खरं तर सांगशाक त्यांच्या वाटणीच्या मुलखातच नव्हतं, तो भाग शेजारच्या पंधराव्या डिव्हिजनचा होता. पण बगलेला शत्रूची ब्रिगेड ठेवून कोहिमाकडे जाणं त्यांना धोक्याचं वाटलं, आणि ही टेकडी एका रात्रीत पडेल असा अंदाजही असावा. अंदाज चुकला. डोंगरी तोफांनी तोंडावर येणाऱ्या रांगांवर थेट मारा केला. सकाळी उतारावर प्रेतांचा खच पडला होता.

त्या प्रेतांतच एका जपानी अधिकाऱ्याजवळ एक नकाशा सापडला. त्यावर जपानी डिव्हिजनांच्या वाटा आखलेल्या होत्या आणि बाण कोहिमाकडे वळले होते. इंफाळच्या मुख्यालयात तोवर समज होता की कोहिमाकडे आलीच तर एखादी रेजिमेंट येईल. या नकाशात पूर्ण डिव्हिजन दिसत होती. वेढा पडलेल्या टेकडीवरून तो कागद जपानी ठाण्यांमधून माणसांकरवी इंफाळकडे पोचवला गेला. सांगशाकने दिवस अडवून धरले हे तर खरंच, पण या एका कागदाची किंमतही मोठी होती.

पुढचे चार दिवस सारखेच गेले आणि प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा वाईट होता. जपान्यांच्या तोफा आल्या. दक्षिणेकडून पंधराव्या डिव्हिजनच्या तुकड्याही येऊन भिडल्या. खेचरं मारली गेली, ती पुरायला ना जागा होती ना खोली, त्यांची दुर्गंधी सगळ्या टेकडीवर पसरली. पाऊस आला की अंगावरच्या ताडपत्रीत पाणी धरायचं. जखमींना झोपवायला आडोसा नव्हता. डॉक्टर उघड्यावर, गोळ्यांच्या माऱ्यात शस्त्रक्रिया करत होते. झोप कोणालाच नव्हती, आणि चार-पाच रात्री न झोपलेली माणसं लढता लढता डुलक्या घेऊ लागली होती. वरून छत्र्या उतरत होत्या आणि शत्रूकडे जात होत्या. जपान्यांचीही तऱ्हा काही वेगळी नव्हती. जवळचा तांदूळ संपत आला होता, त्यामुळे हिंदी फौजेच्या नावाने पडलेल्या पेट्यांवर तेही जगत होते.

२६ मार्चच्या पहाटे जपानी चर्चपाशी घुसले. चर्च पडलं तर टेकडीच पडली असती, कारण तिथून सगळी हद्द नजरेच्या टप्प्यात होती. १५२ व्या पलटणीने उलट हल्ले चढवले, ते मोडले. तोफखान्याचे गोलंदाज तोफा सोडून बंदुका घेऊन धावले. ब्रिगेड मुख्यालयातली माणसंसुद्धा या झुंजीत उतरली. शेवटी १५३ व्या गुरखा पलटणीची कंपनी जिमी रॉबर्ट्स यांच्या पुढारपणाखाली वर चढली आणि चर्चची जागा परत घेतली. हेच रॉबर्ट्स पुढे नेपाळात स्थायिक झाले. हिमालयात हौशी लोकांना पायी हिंडवून आणण्याचा आजचा एवढा मोठा व्यवसाय त्यांनीच सुरू केला. त्यांच्याबरोबर डोंगर चढलेल्या प्रवाशांपैकी किती जणांना चर्चची ही टेकडी माहीत असेल, असं मनात येतं.

त्या दिवशी संध्याकाळी बिनतारी संदेश आला: वाट फोडून बाहेर पडा, आधी दक्षिणेला जा, मग पश्चिमेला. रात्री साडेदहाच्या सुमारास ब्रिगेडने टेकडी सोडली. चालता येणाऱ्या जखमींना बरोबर घेतलं, काहींना पाठीवर, काहींना बांबूच्या झोळीत. ज्यांना हलवणंच शक्य नव्हतं, त्यांना मागे ठेवावं लागलं. सांगशाकमधून वाचलेल्यांना जन्मभर टोचत राहिली ती हीच गोष्ट. छोट्या छोट्या टोळ्या करून, अंधारात, जंगलातून, कित्येक दिवस चालून ही माणसं इंफाळच्या खोऱ्यात पोचली. सुमारे ६०० जण मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. १५२ वी तर पलटण म्हणून जवळजवळ संपली होती.

समोर जपानी ५८ व्या रेजिमेंटचेही शेकडो लोक कामी आले होते, आणि जवळपास एक आठवडा हातून गेला होता. त्या आठवड्याचं मोल तारखांवरून कळतं. पाचवी इंडियन डिव्हिजन आराकानमधून विमानांनी आणायला १९ मार्चच्या सुमारास सुरुवात झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत ते काम चालू होतं. तिची १६१ वी ब्रिगेड दिमापूरला उतरली. रॉयल वेस्ट केंट पलटण ५ एप्रिलला कोहिमात शिरली, आणि मियाझाकींची माणसं त्याच्या आदल्याच रात्री तिथे येऊन थडकली होती. म्हणजे एका दिवसाचा फरक. सांगशाकला सहा दिवस गेले नसते तर कोहिमाची लढाई झालीच नसती, कारण तिथे लढायला कोणी पोचलेलंच नसतं.

असं असूनही ब्रिगेडला शाबासकी मिळाली नाही. होप-थॉमसन यांना ब्रिगेडवरून दूर करण्यात आलं. थकलेल्या, चिंध्या झालेल्या या लोकांबद्दल कुजबुज सुरू झाली की टेकडी टिकवता आली नाही. सरावाला आलेल्या ब्रिगेडला तारेचं एक भेंडोळंसुद्धा न देता एका डिव्हिजनच्या वाटेत कोणी बसवलं, हा प्रश्न मात्र वरच्या पातळीवर कोणी विचारला नाही. ऑगस्टच्या अखेरीस चौदाव्या आर्मीचे सेनापती स्लिम यांनी ब्रिगेडचा गौरव करणारा आदेश काढला तेव्हा थोडी भरपाई झाली. स्वतः त्या टेकडीवर लढलेले हॅरी सीमन यांनी १९८९ मध्ये सांगशाकवर पुस्तक लिहिलं, आणि तेव्हा कुठे या लढाईचा सगळा हिशेब लोकांपुढे आला. पंचेचाळीस वर्षं हा फार मोठा काळ आहे. मराठ्यांच्या चौथ्या पलटणीतले जे जवान घरी परतले त्यांतल्या कितींना हा हिशेब बघायला मिळाला असेल? साताऱ्याकडे किंवा रत्नागिरीकडे पेन्शनवर आलेल्या या माणसांनी सांगशाक हे नाव नातवंडांपुढे उच्चारलं, तर ऐकणाऱ्याला ते कुठे आहे हे तरी कळलं असेल का? आणि जे परतलेच नाहीत त्यांची गोष्ट वेगळी: ब्रह्मदेशच्या मोहिमेत ज्यांना थडगं किंवा चिता लाभली नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावं रंगूनजवळ ताउक्यानच्या स्मारकाच्या खांबांवर कोरलेली आहेत.

एक उडी मात्र ब्रिगेडला महायुद्ध संपता संपता मिळाली. १ मे १९४५ रोजी रंगून नदीच्या मुखाशी, एलिफंट पॉइंटवर, गुरखा छत्रीसैनिकांची एक जोडपलटण उतरली आणि नदीवरची ठाणी घेतली. समोर जपानी अगदी थोडे उरले होते. दोन दिवसांत रंगून हाती आलं.

मग फाळणी झाली, फौजही वाटली गेली. पन्नासावी ब्रिगेड भारताकडे आली आणि १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये तिला जम्मूहून काश्मीरच्या लढाईत धाडण्यात आलं. तिचे कमांडर होते ब्रिगेडियर वाय. एस. परांजपे. नौशेरा, झांगर, कोटली अशी एकेक जागा मोकळी करत ही ब्रिगेड डोंगरातून पुढे गेली. पण माणसं अपुरी आणि मुलूख पसरलेला, त्यामुळे कोटली सोडावी लागली. डिसेंबरच्या अखेरीस, ऐन नाताळच्या तोंडावर, झांगरही हातचं गेलं. परांजपे आजारी पडले होते. त्यांच्या जागी आले ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. आझमगडकडच्या बीबीपूर गावचे हे गृहस्थ फाळणीच्या वेळी बलुच रेजिमेंटमध्ये होते. पाकिस्तानकडून बोलावणं असूनही त्यांनी भारत निवडला होता.

उस्मान यांची एक गोष्ट सगळ्या ब्रिगेडला माहीत होती. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. नौशेराच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ब्रिगेड कमांडर जमिनीवर चटई टाकून झोपत होते. मारामारीत आईबाप गमावलेली, गावात भटकणारी मुलं गोळा करून त्यांनी एक बालक सेना उभी केली होती. ही पोरं निरोप पोचवत. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेरावर हजारोंच्या संख्येने हल्ला आला. त्यात तैंधारच्या ठाण्यावर पहिल्या राजपूत पलटणीचे नाईक जदुनाथ सिंग मोजक्या माणसांनिशी लढले, एकामागून एक तीन हल्ले परतवून पडले आणि परमवीरचक्राचे मानकरी झाले. नौशेरा टिकलं. मार्चमध्ये ब्रिगेड पुढे सरकली आणि १८ मार्चला झांगर परत घेतलं. उस्मान यांच्यासाठी गावातून मागून आणलेली एक खाट तंबूत टाकली गेली.

त्याच झांगरमध्ये ३ जुलैच्या संध्याकाळी तोफेचा एक गोळा त्यांच्याजवळ फुटला. छत्तीसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. दिल्लीत त्यांच्या अंत्ययात्रेला पंतप्रधान नेहरू हजर होते. जामिया मिलियाच्या आवारात त्यांची कबर आहे.

झांगरच्या लढाईत या ब्रिगेडबरोबर पुन्हा मराठे होते, आणि या वेळी ते योगायोगाने आलेले नव्हते. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन महायुद्धानंतर छत्रीसैनिकांची पलटण झाली होती. ही जुनी ११० वी मराठा. पहिल्या महायुद्धात टाउनशेंडच्या फौजेत कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली तीच, आणि १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनच्या कड्यांवर चढलेलीही तीच. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचं ठाणं घेताना ते पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सांगशाकनंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट वेगळी झाली तेव्हा या पलटणीचं नाव दुसरी पॅरा (मराठा) असं पडलं. बेळगावच्या मराठा सेंटरमधून आलेली परंपरा आता मरून रंगाच्या टोपीखाली गेली.

१९६१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिगेड आग्र्याहून कोकणात आली. कमांडर होते ब्रिगेडियर सगत सिंग. गोवा मुक्तीच्या मोहिमेत मुख्य काम सतराव्या डिव्हिजनचं होतं, ती पूर्वेकडून, अनमोडच्या घाटातून उतरायची होती. पन्नासाव्या ब्रिगेडकडे उत्तरेची बाजू आणि दुय्यम कामगिरी. छत्र्या नव्हत्याच. १८ डिसेंबरला ब्रिगेडचे तीन हात दोडामार्गच्या बाजूने गोव्यात शिरले. दुसरी पॅरा (मराठा) उसगावकडून फोंड्याकडे, पहिली पॅरा बाणस्तारीकडे, आणि दुसरी शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह म्हापशाच्या अंगाने बेतीकडे. पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, त्यामुळे जवान नद्या मिळेल त्या साधनाने उतरत गेले. संध्याकाळपर्यंत मांडवीपलीकडे पणजी दिसू लागली. १९ तारखेच्या सकाळी ही दुय्यम कामगिरीवरची ब्रिगेड मांडवी ओलांडून पणजीत पोचली, आणि ४५१ वर्षांची पोर्तुगीज राजवट त्या दिवशी संपली. मराठा पलटणीला हा मुलूख परका नव्हता. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून भरती झालेल्या पोरांची भाषा इथल्या लोकांना कळत होती, गावागावांतली देवळं ओळखीच्या देवांची होती.

खऱ्या उडीची वेळ आली ती आणखी दहा वर्षांनी, बांगलादेशच्या युद्धात. ११ डिसेंबर १९७१, दुपारी साडेचारच्या सुमारास, ढाक्याच्या वायव्येला तंगाईलवर विमानांची रांग आली. अ‍ॅन-१२, पॅकेट, डकोटा, कॅरिबू, सगळी मिळून पन्नासच्या आसपास. त्यांतून दुसऱ्या पॅराचे आणि तिच्या जोडीचे सुमारे सातशे जण लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू यांच्या हाताखाली उतरले. ब्रिगेडचा एक तरुण कॅप्टन आधीच शत्रूच्या मुलखात शिरून कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीबरोबर उतरण्याची जागा ठरवून बसला होता. छत्र्या शेतात, तळ्याकाठी, झाडांवर पडल्या. जड सामान दूरवर विखुरलं, ते गावकऱ्यांनी डोक्यावरून वाहून आणलं. सांगशाकला पेट्या शत्रूच्या घरात पडत होत्या. इथे त्या पडताच माणसं त्या उचलायला धावत होती.

काम एकच होतं, लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल. उत्तरेत मैमनसिंग आणि जमालपूरहून माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड ढाक्याला पोचायची तर याच पुलावरून जाणार होती. काळोख पडला तशी पलटणीने पूल घेतला. त्या रात्री मागे हटणारे सैनिक मोटारींच्या रांगांनी पुलाकडे येत राहिले, त्यांना पुढे काय आहे हे कळायच्या आत गोळीबार सुरू व्हायचा. नंतर त्यांनी पूल परत घेण्यासाठी चढायाही केल्या. पुलावरचे जवान हटले नाहीत. दरम्यान परदेशांत बातमी पसरली की पाच हजार छत्रीसैनिक उतरले आहेत. ढाक्यातले पाकिस्तानी सेनापती नियाझी यांच्या मनावर त्या आकड्याचंही ओझं पडलं.

दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरच्या संध्याकाळी, उत्तरेकडून जमालपूरच्या रस्त्याने भारतीय फौज पुंगलीला येऊन मिळाली. तिच्या आघाडीला होती पहिली मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण. जमालपूरला शत्रूची वाट अडवून, त्याची रात्रीची चढाई मोडून ती आली होती. पुलाच्या एका टोकाला मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आणि दुसऱ्या टोकाला तिचीच जुनी तिसरी, आता दुसरी पॅरा झालेली. अशा दोन मराठा पलटणी बंगालच्या एका नदीकाठी एकमेकींना भेटल्या.

तिथून ढाका थोडंच उरलं होतं. पंधराच्या रात्री दुसऱ्या पॅराचे जवान मीरपूरच्या पुलाशी पोचले. सोळा डिसेंबरच्या सकाळी मेजर जनरल गंधर्व नागरा यांची चिठ्ठी नियाझींकडे गेली, आणि थोड्या वेळाने पूल खुला झाला. ढाक्यात शिरलेली पहिली भारतीय पलटण ही दुसरी पॅरा. शहरात ती आली ती रस्त्यानेच.